४५ डिग्रीच्या गावात लिक्विड कूलर घ्यायचा का?

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला थंड ठेवायला पात्या-पंख्याचा एअर कूलर लावायचा की पाणी फिरवणारा लिक्विड कूलर, हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एकीकडे "पाणी आणि करंट एकाच डब्यात, डोकं फिरलंय का" म्हणणारे आणि दुसरीकडे "अर्ध्या लाखाच्या प्रोसेसरवर एअर कूलर लावतो का बे" म्हणणारे, आणि दोघंही एक साधी गोष्ट विसरून जातात की गरमी शेवटी जाते कुठे, तर तुमच्याच खोलीतल्या हवेत. लिक्विड कूलरमधलं पाणी ती गरमी गिळून टाकत नाही. ते तिला प्रोसेसरपासून उचलतं, नळीतून रेडिएटरपर्यंत (पंखे लावलेली धातूची जाळी) नेऊन सोडतं, आणि तिथून पुढचं काम पंख्यांचं आणि हवेचंच आहे. म्हणजे दोन्हीकडे शेवट हवेवरच, फरक फक्त मधल्या वाहतुकीचा.

आणि गंमत म्हणजे एअर कूलरमध्ये पण पाणीच असतं! त्या ज्या तांब्याच्या वाकवलेल्या नळ्या दिसतात ना, हीटपाइप, त्या आतून भरीव नसतात. आतली हवा काढून घेतलेली असते, जेमतेम थोडंसं पाणी ठेवून नळी सील केलेली असते, आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या बारीक भुकटीचा सच्छिद्र थर असतो. हवा काढल्यामुळे दाब एकदम कमी, त्यामुळे ते पाणी १०० डिग्रीची वाट न बघता कितीतरी कमी तापमानाला उकळतं, वाफ होऊन वर पात्यांकडे पळतं, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि त्या सच्छिद्र थरातून वातीसारखं चढत परत खाली येतं. पंप नाही, मोटर नाही, नळी सुटायची भीती नाही. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या लॅबमध्ये जॉर्ज ग्रोव्हरने १९६३ मध्ये हे करून दाखवलं आणि पुढे उपग्रहांमध्ये पण हीच युक्ती वापरली गेली, त्यामुळे एअर कूलर म्हणजे काहीतरी जुनाट गरीब मॉडेल आहे हे डोक्यातून काढून टाका पहिले.

आता माझी केस सांगतो, कारण हा प्रश्न हवेत सुटत नाही, कोण कुठे राहतो आणि मशीनवर काय करतो त्यावर सुटतो. मी नागपूरला राहतो, आर्किटेक्ट लोकांना बिल्डिंगचे थ्रीडी व्ह्यू करून देतो. कोरोना रेंडरर (थ्रीडी मॉडेलवरून फोटोसारखं चित्र बनवणारं सॉफ्टवेअर) वापरतो, जो पूर्णपणे प्रोसेसरवर चालतो, ग्राफिक कार्ड त्यात काही हातभार लावत नाही. म्हणजे रात्री रेंडर लावला की सोळाच्या सोळा कोअर सकाळपर्यंत १०० टक्के. प्रोसेसर एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स, ज्याचे कागदावर १७० वॅट असतात पण प्रत्यक्षात त्याहून जास्त ओढायची परवानगी असते. वॉकथ्रू आणि रिअलटाइमच्या कामासाठी आरटीएक्स ४०९० ग्राफिक कार्ड आहे, ती एकटी ४५० वॅटची. आणि खोली वरच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत, वर स्लॅब. मे महिन्यात बाहेर ४५.

यूट्यूबवर जे टेस्टिंग बघतो आपण, ते सगळं २०-२५ डिग्रीच्या खोलीत केलेलं असतं. त्यात दाखवतात की अमुक कूलरवर प्रोसेसर ७२ डिग्री, तमुकवर ६८, आणि आपण ते चार डिग्री बघून दहा हजार जास्तीचे काढतो. पण कूलरचं काम ७२ किंवा ६८ देणं हे नाहीच, त्याचं काम खोलीपेक्षा किती वर ठेवतो एवढंच. समजा एक कूलर ठरावीक वॅटला खोलीपेक्षा ४८ डिग्री वर ठेवतो. २४ च्या खोलीत तो ७२ दाखवणार, ३८ च्या खोलीत ८६, आणि यात पाणी असो की हवा, सूत्र तेच. कोणताही साधा लिक्विड कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, त्याला तशी काही सोयच नसते. म्हणून "आमच्याकडे गरमी जास्त आहे म्हणून वॉटर कूलिंग घेऊन राहिलो" हे जे लोक म्हणतात ते ऐकून मला हसू येतं, कारण तुमच्याकडची गरमी त्या कूलरच्या हातात नाहीये. चांगल्या ट्विन टॉवर (पात्यांचे दोन मनोरे असलेल्या) एअर कूलरमध्ये आणि चांगल्या ३६० मिमीच्या (तीन पंख्यांच्या रेडिएटरच्या) लिक्विड कूलरमध्ये जो फरक आहे तो खोली २४ असताना जेवढा, साधारण तेवढाच खोली ३८ असताना.

खोली थंड करायची असेल तर विदर्भात त्याचं उत्तर खिडकीत आधीच बसवलेलं असतं. डेझर्ट कूलर. आणि हा पीसीच्या हिशोबात कोणीच धरत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. मे महिन्यात आमच्याकडे हवा एवढी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांमधून ओली होऊन आलेली हवा आरामात १२-१४ डिग्रीने उतरते, खोली ३१-३२ ला येते. म्हणजे भर मे महिन्यात दुपारी माझा पीसी जेवढा सुखात असतो तेवढा जूनमधल्या त्या चिकचिकीच्या दिवसांत नसतो, जेव्हा बाहेर ३८ च असतं पण हवेत दमटपणा आलेला असतो आणि डेझर्ट कूलर फक्त पंख्याचं काम करतो. मुंबई-कोकणवाल्यांना हा पर्यायच नाही, तिकडे एसी किंवा घाम.

लोक घाबरतात की ओल्या हवेने आत पाणी धरेल. नाही धरत. पाणी धरायला एखादी वस्तू खोलीच्या हवेपेक्षा थंड असावी लागते, आणि चालू पीसीच्या आत असं काहीही नसतं, सगळं गरमच. खरी अडचण वेगळी आहे, आपलं बोअरचं पाणी क्षारवालं, आणि डेझर्ट कूलरच्या झोतात बारीक तुषार उडतात, ते कॅबिनेटच्या तोंडावर आले तर वाळून पंख्यांच्या पात्यांवर पांढरी खर बसते. म्हणून कॅबिनेट झोतात ठेवायचं नाही, बाजूला ठेवायचं, आणि खिडकी-दार उघडं ठेवायचं, नाहीतर डेझर्ट कूलर काय आणि पीसी काय, दोघं मिळून खोलीची भट्टी करतात.

बरं, आता प्रोसेसरकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. २०२२ मध्ये रायझन ७००० सिरीज आली तेव्हा लोकांनी ९५ डिग्री बघून आरडाओरडा केला आणि दुकानदारांनी लगेच ३६० मिमीचे लिक्विड कूलर पुढे सरकवायला सुरुवात केली. पण कंपनीने स्वतःच सांगितलं होतं की फुल लोडवर ९५ ला जाऊन टेकणं हे डिझाइनमध्येच आहे, प्रोसेसर जागा मिळेल तेवढी घड्याळगती (क्लॉक स्पीड) वाढवत जातो आणि ९५ ला थांबतो. आणि तो एवढा का तापतो तर ज्या तुकड्यात कोअर असतात तो सिलिकॉनचा तुकडा जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास, अंगठ्याच्या नखाएवढा पण नाही. एवढ्याशा जागेतून शंभर वॅट बाहेर काढायचे, वरून त्यावर झाकणाची जाड तांब्याची टोपी, जी जाड ठेवली कारण जुन्या एएम४ सॉकेटचे (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) कूलर नव्या एएम५ वर बसावेत म्हणून उंची जुळवायची होती. म्हणजे गरमी अडते ती कूलरच्या आधीच, सिलिकॉन आणि टोपीच्या मध्ये. तिथे तुम्ही वर पाणी ठेवा नाहीतर बर्फाची लादी, अडलेलं दार तेवढंच रुंद. जर्मनीच्या डेअर बाउअर या ओव्हरक्लॉकर यूट्यूबरने ती टोपीच उपटून थेट चिपवर कूलर बसवून बघितलं तेव्हा २० डिग्रीच्या आसपास फरक पडला होता, यावरून अंदाज घ्या की अडसर कुठे आहे. (घरी करू नका, वॉरंटी गेली आणि एक ठोका चुकला की प्रोसेसर पण गेला.)

याच कारणाने एएम५ वर कूलर जरा खाली सरकवून बसवायची पट्टी मिळते, कारण गरम तुकडे टोपीच्या मध्यभागी नसून एका कडेला असतात. कूलर बनवणारे नॉक्टुआवाले ती वेगळी विकतात, १ ते ३ डिग्री उतरतात म्हणतात. काही शे रुपयांत १-३ डिग्री, आणि लोक त्याच १-३ डिग्रीसाठी हजारो रुपये जास्त घालतात!

इंटेलची गोष्ट थोडी वेगळी होती. त्यांच्या १४९००के प्रोसेसरला २५३ वॅटची मर्यादा कागदावर, पण बरेच मदरबोर्ड ती मर्यादा उघडी सोडून द्यायचे आणि तो गडी ३०० च्या वर जायचा, मग ३६० रेडिएटर लावून पण १०० डिग्रीला डोकं आपटायचा. तिथे लिक्विड कूलरला खरंच अर्थ होता, कारण चिप मोठी, वॅट जास्त. पण २०२४ मध्ये जे प्रकरण झालं, जास्त व्होल्टेजमुळे १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर खराब होऊन राहिले होते, मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमचे) अपडेट आले, वॉरंटी २ वर्षांनी वाढवावी लागली, त्यानंतर तरी लोकांना कळलं पाहिजे होतं की अनलिमिटेड वॅट सोडून मग त्याला थंड करायला महाग कूलर घेणं हा उलटा धंदा आहे.

मी म्हणतो आधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जा. रायझनला इको मोड असतो, १०५ वॅटचा निवडला तर सॉकेटची मर्यादा १४२ वॅट होते, ६५ चा निवडला तर ८८. मी १०५ वर ठेवला आणि वरून कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये व्होल्टेज थोडं कमी केलं. त्याने गरमी बरीच कमी झाली, पण रेंडरचा वेळ त्या प्रमाणात अजिबात वाढत नाही, थोडासाच वाढतो, कारण शेवटच्या त्या जास्तीच्या वॅटमध्ये प्रोसेसर फक्त थोडीशी घड्याळगती विकत घेत असतो, फार महागात. रात्रभर चालणाऱ्या कामात सकाळी सहाला संपलं काय आणि साडेसहाला संपलं काय, मी तर झोपलेलोच असतो. आणि विजेचं बिल. उन्हाळ्यात आमच्याकडे बिलाचा आकडा वरच्या स्लॅबमध्ये जातो तेव्हा कळतं.

एवढं सगळं वाचून वाटेल की मी पाण्याच्या विरोधात आहे, तर तसं नाहीये. पाण्याच्या काही गोष्टी खरंच भारी आहेत. एक म्हणजे पाणी हळू तापतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे लोड दोन-तीन मिनिटांचा असेल तर पाणी ते निवांत पिऊन घेतं आणि पंखे आवाज वाढवत नाहीत. एअर कूलरवर ब्राउझर उघडला तरी पंखा एकदम घुर्र करतो आणि परत शांत होतो, हे फार डोक्यात जातं, पंख्याला उशिरा प्रतिसाद द्यायचं सेटिंग करून ठेवावं लागतं. पण पाण्याची ही सवय उलटीही फिरते, आमच्या गच्चीवरच्या टाकीसारखी, दिवसभर तापलेली ती टाकी रात्री नऊला पण अंघोळीला कढत पाणी देते. रात्रभराच्या रेंडरमध्ये १५-२० मिनिटांत पाणी तापायचं तेवढं तापून बसतं, मग पुढचे सात तास त्याचा हा फायदा शून्य, मग फक्त रेडिएटर केवढा आणि पंखे कसे एवढंच उरतं. म्हणजे यूट्यूबवर दोन मिनिटांचा बेंचमार्क चालवून लिक्विड कूलरला जिंकवतात ना, ती अर्धी लढाई आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती मला पटलेली आहे. एअर कूलर कॅबिनेटच्या पोटात बसतो, ग्राफिक कार्डाच्या बरोबर वर. खाली ४५० वॅटची शेगडी चालू असताना तो तीच गरम हवा आत ओढतो. लिक्विड कूलरचा रेडिएटर पुढे लावला तर त्याला बाहेरची ताजी हवा मिळते, प्रोसेसर खूश, पण मग रेडिएटरमधून तापलेली हवा ग्राफिक कार्डाला. वर लावला तर ग्राफिक कार्डाला ताजी हवा आणि रेडिएटरला उष्टी. कुठेतरी कोणालातरी उष्टी हवा खावीच लागते. माझं काम असं की रेंडर प्रोसेसरवर चालतो तेव्हा ग्राफिक कार्ड जवळपास झोपलेलं असतं, दोन्ही शेगड्या एकत्र पेटतच नाहीत, म्हणून मला हा मुद्दा लागत नाही. पण कोणी दोन्ही एकदम तुडवत असेल, सिम्युलेशन वगैरे, त्याने एअर कूलर घेताना दहादा विचार करावा. आणि आरटीएक्स ५०९० तर ५७५ वॅटची आली, तिच्यावर प्रोसेसरला एअर कूलर लावायचा तर कॅबिनेटमध्ये वारं खेळतं पाहिजे, काचेच्या तोंडाची फिशटँक कॅबिनेटं विसरा.

मग लोक डेटा सेंटरचा दाखला देतात की बघा मोठे सगळे पाण्यावर गेले. हो, बरेच गेले. पुण्याला आयसरमध्ये परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर २०१९ ला बसला तो थेट लिक्विड कूलिंगचाच आहे. आणि लिक्विडवर जाणं हे काही आजचं नाही, १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर अख्खे सर्किट बोर्डच फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेले होते. आताच्या एआयच्या एनव्हिडिया जीबी२०० वाल्या रॅकमध्ये एका कपाटात १०० किलोवॅटच्या वर वीज जाते, तिथे हवेचा पंखा म्हणजे फुंकर. पण त्यांची अडचण जागेची आहे, एका कपाटात ७२ चिपा कोंबायच्यात आणि गरमी बिल्डिंगच्या बाहेर न्यायचीय. तुमच्या टेबलाखाली एकच प्रोसेसर आहे आणि त्याच्याभोवती हवेला जागाच जागा आहे. त्यांचं पाणी इमारतीबाहेर जाऊन थंड होतं, तुमचं पाणी टेबलाखालून टेबलाखालीच.

आता बिघाड. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला कारण माझं पोट या मशीनवर आहे. गळतीला लोक जेवढे घाबरतात तेवढी ती होत नाही, सीलबंद लिक्विड कूलर फुटल्याचे किस्से आहेत पण कमी. खरा मरतो तो पंप. आणि पंप नसला मेला तरी आतलं पाणी हळूहळू कमी होतंच, रबरी नळीच्या भिंतीतून वर्षानुवर्षं थोडं थोडं झिरपून उडून जातं, आत हवेचा बुडबुडा मोठा होत जातो, म्हणून रेडिएटरचं वरचं टोक नेहमी पंपापेक्षा उंच ठेवायला सांगतात, नाहीतर बुडबुडा पंपात जाऊन बसतो आणि गुडगुड आवाज. शिवाय बहुतेक सीलबंद कूलरमध्ये प्रोसेसरवरची प्लेट तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो, दोन धातू एका पाण्यात म्हणजे गंजाची सोय, त्याला आवरायला पाण्यात औषध असतं, ते औषध म्हातारं झालं की आत गाळ होतो आणि प्लेटच्या केसाएवढ्या बारीक खाचा बुजतात. पाच-सहा वर्षं वॉरंटी चांगल्या कंपन्या देतात, नाही असं नाही. पण वॉरंटी म्हणजे कूलर काढायचा, खोक्यात भरायचा, कुरिअर करायचा, आणि नवा येईपर्यंत मशीन उघडं पडून राहणार. आमच्या बर्डीच्या बाजारात सुटा पंप मिळत नाही, पण १२० मिमीचा पंखा त्याच दिवशी मिळतो. एअर कूलरवर एक पंखा मेला तरी दुसरा चालू असतो, रेंडर हळू होईल पण होईल. पंप मेला तर काही सेकंदांत प्रोसेसर ९५ ला जाऊन स्वतःचा वेग पाडतो नाहीतर मशीन बंद करतो. जळत वगैरे नाही आजकाल, त्याची काळजी नको, पण सकाळी क्लायंटला काय दाखवायचं?

धुळीचंही सांगतो थोडक्यात. रेडिएटरच्या जाळ्या दाट असतात आणि पंखे त्याला चिकटून बसवलेले, धूळ त्या दोघांच्या मध्ये गोधडीसारखी जमते आणि पंखा काढल्याशिवाय दिसत पण नाही. टॉवर कूलरला ब्लोअर मारला की झालं. फक्त पंखा बोटाने धरून मारा, नाहीतर तो भन्नाट वेगाने फिरून बेअरिंगचं वाटोळं होतं.

कस्टम लूपवाल्यांबद्दल (सुटे भाग जोडून स्वतः वॉटर कूलिंग बांधणारे) मला आदरच आहे. ॲक्रिलिकच्या नळ्या वाकवून, फिटिंग्ज घट्ट करून, चोवीस तास टिश्यू पेपर ठेवून गळती तपासणारी माणसं. तो छंद आहे आणि छंदाला हिशोब विचारायचा नसतो. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही पाण्यावर घेतले तर ४०९० जेवढी शांत चालते तेवढी कशानेच चालत नाही, हे खरंय. पण लाखाच्या आसपास खर्च, आणि वर्षा-दीड वर्षाने पाणी बदलायचं काम. आमच्या ओळखीत एकाने घरच्या आरओचं पाणी भरलं होतं. आरओचं पाणी प्यायला बरं असतं हो, पण त्यात क्षार उरतातच, कित्येक फिल्टर तर चवीसाठी मुद्दाम थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी त्यापेक्षा बरं, पण त्यातही गंज आणि शेवाळ थांबवायचं औषध नसतं. लूप करायचाच तर तयार कूलंट घ्या आणि त्यात ॲल्युमिनियमचा एक पण भाग येऊ देऊ नका.

मावसभाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, त्याने मला भंडावून सोडलं होतं. "दादा, ३६० घेऊ की ४२०?" मी म्हटलं प्रोसेसर कोणता? म्हणे ९८००एक्स३डी, आणि काम काय तर गेमिंग. अरे बाबा, गेम खेळताना तो प्रोसेसर शंभर वॅट पण क्वचित ओढतो! त्याच्या आधीच्या ७८००एक्स३डी मध्ये जास्तीची कॅश मेमरी कोअरच्या डोक्यावर बसवलेली होती म्हणून गरमी अडायची, ९८०० मध्ये ती खाली घेतली, तोही प्रश्न संपला. दोन-अडीच हजाराचा सिंगल टॉवर पण त्याला पुरतो. तो म्हणे "पण दादा, दिसतं भारी". हे मात्र मला खोडता आलं नाही. वीस-बावीसच्या वयात काचेच्या कॅबिनेटमध्ये पंपावर छोटी स्क्रीन आणि त्यावर ॲनिमेशन हवं असतं, त्याला तापमानाची आडकाठी कशाला लावायची, सरळ म्हणा की मला दिसण्यासाठी हवाय आणि घ्या. त्याच्या बाबतीत मी स्वतःच शेवटी लिक्विडच्या बाजूने बोललो, पण कारण वेगळं होतं, तो सुट्टीत पीसी ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून नागपूरला आणतो. समृद्धी झाला तरी डिकीत सामान कसं फेकतात ते आपल्याला माहितीय. नॉक्टुआ एनएच-डी१५ सारखा दोन्ही पंख्यांसकट १.३ किलोचा धातूचा गोळा मदरबोर्डला आडवा लटकवून रात्रभर हादरे द्यायचे म्हणजे बोर्डाचा जीव जाणार. लिक्विड कूलरचं प्रोसेसरवरचं डोकं हलकं, वजन सगळं कॅबिनेटच्या पत्र्यावर. एअर कूलर असेल तर प्रवासाआधी काढा आणि पोचल्यावर नवी पेस्ट लावून बसवा. एएम५ वर निदान कूलर उपटताना प्रोसेसर सोबत उपटून येत नाही, एएम४ ला तो प्रकार व्हायचा.

मी स्वतःसाठी थर्मलराइटचा फँटम स्पिरिट १२० एसई घेतला. सात हीटपाइप, दोन पंखे, उंची १५४ मिमी म्हणजे बहुतेक कॅबिनेटात बसतो, चार-साडेचार हजारांत. नॉक्टुआ त्याहून एक-दोन डिग्रीने पुढे-मागे असेल, बनावट अर्थात वरच्या दर्जाची, आवाजाचा पोत पण जास्त मऊ, पण किंमत दुपटीच्या वर, आणि तो तपकिरी रंग आमच्या घरी कोणाला आवडला नसता. चांगला ३६० घ्यायचा तर आठ-दहा हजारांपासून सुरू होऊन स्क्रीनवाले वीसच्या वर जातात. इको मोडवर, डेझर्ट कूलर चालू, खोली ३१-३२, रात्रभर रेंडर, प्रोसेसर ७५ च्या आगेमागे खेळतो. इको मोड काढला तर ९० च्या वर जातो, ते मी बघून घेतलं आणि परत लावला.

२५० वॅट रोज तासन्‌तास ओढायचेच आहेत, इको मोड चालणार नाही, एका रेंडरमागे मिनिटांचे पैसे मिळतात, असं कोणाचं काम असेल तर त्याने आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ सारखा जाड रेडिएटरचा ३६० घ्यावा, कॅबिनेटमध्ये ३८ मिमीचा रेडिएटर अधिक पंखे मावतात का ते टेपने मोजून, आणि पंप कायम फुल स्पीडवर ठेवावा, तापमानाप्रमाणे वरखाली करू नये. बाकीच्यांनी जे पैसे वाचतील त्यातून कॅबिनेटला दोन चांगले १४० मिमीचे पंखे घ्या, आणि उरले तर यूपीएसमध्ये टाका, कारण मे महिन्यात वादळी पाऊस आला की आमच्याकडे पहिली जाते ती लाइट, आणि नऊ तासांचा रेंडर आठव्या तासाला गेला की एअर कूलर आणि लिक्विड कूलर दोन्ही सारखेच थंड.